नाही म्हटल्यानंतरचा पाठ

माझाच आवाज मला ओळखू आला नाही, हे खरं तर मी कुणाला सांगायला नको, कारण माझा धंदाच आवाजाचा आहे. पण झालं ते तसंच झालं. देवराज मोहल्ल्यात संताजीरावांच्या शिवणाच्या दुकानात मी पँट हातात धरून उभा होतो. कमरेत सैल करून घ्यायची होती. नोकरी सोडून घरी बसल्यापासून माझी कंबर माझं ऐकेनाशी झाली आहे. आतल्या बाजूला, पडद्यापलीकडे, जिथे त्यांच्या घरच्या गोदाबाई ब्लाउजं शिवत बसतात, तिथून कुणीतरी बाप्या भराभरा मराठी बोलत होता. म्हैसुरात मराठी कानावर पडलं की मान आपोआप वळते, तशी वळली. मला वाटलं, विमाबिमा विकणारा असेल. काय आगाऊ आवाज आहे, असंही वाटलं. "कारण सांगू नका. कारण सांगितलं की समोरच्याला ओढायला दोरी मिळते. नाही म्हणा आणि गप्प बसा." एवढं बोलून तो माणूस खोकला, आणि तो खोकला मात्र मला ओळखू आला. तो माझा होता. पाचव्या पाठातला. मी तो कापून टाकणार होतो, पण माझी बायको स्पृहा म्हणाली होती, राहू दे, तेवढ्यापुरता तरी माणूस वाटतोस. गोदाबाईंनी मला फोनवर दीडपट वेगावर लावलं होतं.

मी माहिती विकतो. हे वाक्य मी अनेक तऱ्हांनी म्हणून बघितलं आहे, पण कसंही म्हटलं तरी ऐकणारा अर्धं पाऊल मागे सरकतो. कंपनीत होतो तेव्हा दारावर पाटी नव्हती, पण गळ्यात ओळखपत्र होतं, आणि सासरे चारचौघांत माझं कौतुक करायचे. आता ते मला विचारतात, म्हणजे नक्की काय करता? पहिल्यांदा मी 'म्हैसूरला बदली झाली तर' अशी पुस्तिका केली. घरं कुठे बघावीत, शाळा कुठल्या, ज्वारीचं पीठ कुठे मिळतं. लोकांनी ती एकमेकांना इतकी प्रेमाने पाठवली की एकाने विकत घेतली ती शेवटची. मग हिशेबाचे तक्ते शिकवणारे व्हिडिओ केले. ते माझ्या मावसभावाने घेतले, तेही भीड म्हणून. आणि मग एका मोफत ऑनलाइन सत्रात मी सहज सांगून गेलो की दसऱ्याच्या आठवड्यात कामावर ये म्हणणाऱ्या साहेबाला मी कसा नाही म्हणालो आणि कसा उठून घरी आलो. पडद्याच्या कडेला लोकांचे निरोप धो धो यायला लागले. आम्हालाही शिकवा, सर. सासऱ्यांना कसं म्हणायचं, सोसायटीच्या सेक्रेटरीला कसं म्हणायचं, भाऊजींना कसं म्हणायचं. तेव्हा मला कळलं की मराठी माणसाला हिशेब येतो, 'नाही' येत नाही. मी नऊ ध्वनिफिती केल्या आणि नाव ठेवलं 'ठाम'. त्यावर माझं नाव नाही, फोटो नाही. फोटो लावला की गिऱ्हाईक आधी वय बघतं, मग पोट. आवाज कसा, चाळिशीतल्या कुठल्याही यशस्वी माणसाचा असू शकतो. या नऊ पाठांवर घर चालतं, चांगलं चालतं, आणि जाहिरातीत मी म्हणतो की हा धंदा जगात कुठेही बसून करता येतो.

संताजीराव कमरेला टेप लावता लावता माझ्या कानाशी आले. त्यांचे पूर्वज कुठल्याशा राजाच्या काळात इकडे आले, घरात मराठी आहे, पण अशी की दर चौथा शब्द कानडी. स्पृहाला त्यांची भाषा फार आवडायची. ती मुद्दाम ब्लाउजाच्या निमित्ताने येऊन बसायची. "सर, एक काम होतं," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेले माणूस. आमच्या घरात जरा सांगून बघा की." घरात म्हणजे बायकोला. मी म्हटलं, काय सांगायचं? "तिच्या गळ्यात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, काढून टाका, लांबवलं तर धोका आहे. सोमवारची वेळ दिलीय. उद्या संध्याकाळपर्यंत काय ते कळवायचं, नाही तर ती वेळ दुसऱ्याला जाते. आणि ही नाही म्हणते." मी विचारलं, का नाही म्हणतात? तेव्हा त्यांनी टेप सोडून दिला आणि दोन्ही हात पसरले. "तेच की सर. का ते सांगत नाही. नाही म्हणते आणि गप्प बसते. लग्न झाल्यापासून या बाईनं कशाला नाही म्हटलेलं मी बघितलं नाही हो. सहनानं, आमच्या सुनेनं, तिला ते काहीतरी लावून दिलंय ऐकायला. रेडिओ बिघडला म्हणून. हापीसच्या ग्रुपवर आलं होतं तिच्या. तेव्हापासून हे."

म्हणजे फुकट. माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, काय करणार. कुणाच्या गळ्याला गाठ आहे आणि मी मनातल्या मनात चिडलोय की हिने पैसे भरले नाहीत. मग दुसरं आलं, की हिने पैसे भरले असते तर पैसे परत मागण्याची सोय होती, मी हमी दिली आहे, आवडलं नाही तर विनातक्रार परत. तिला आवडलं आहे, पंचाईत तीच आहे. आणि मग तिसरं जे आलं त्याला अजून मला शब्द सापडलेला नाही. मी "बघतो" म्हणालो. हा शब्द माझ्या दुसऱ्या पाठात साफ निषिद्ध आहे. बघतो म्हणजे भेकडाचं नाही, असं मीच खणखणीत सांगितलं आहे. पँट तिथेच टाकून मी बाहेर पडलो, आणि बाजाराच्या मागच्या गल्लीत मल्लिगेच्या, म्हणजे इथल्या मोगऱ्याच्या, गजऱ्यांचा आणि उदबत्त्यांचा एकत्र वास नाकात घेत बस गाठली.

हुणसूर रस्त्यावर येलवालला घरी आलो. घर मोठं आहे, म्हणजे तिघांसाठी घेतलेलं आहे आणि मी एकटा आहे म्हणून मोठं आहे. चहा ठेवला आणि सवयीने अभिप्राय वाचायला घेतले. रोज वाचतो. वाचले की बरं वाटतं. 'सर, आज मी नणंदेला नाही म्हटलं.' 'सर, वडिलांच्या दुकानात बसायला ठाम नकार दिला.' 'सर, स्थळाला नकार कळवला, आता हलकं वाटतं.' एरवी यातला प्रत्येक मला पदकासारखा वाटायचा. त्या दिवशी मात्र प्रत्येकाच्या पुढे मला रिकामी जागा दिसायला लागली. नणंद मग काय म्हणाली? वडील दुकानात आता एकटेच बसतात का? कुणीच पुढचं लिहिलं नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं? नाही म्हणेपर्यंतची वाट मी सांगत होतो आणि तिथेच माणसांना उतरवून गाडी मागे घेत होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आई मला लहानपणी म्हणायची, तेव्हा निदान मला माहीत असायचं की ती कशाबद्दल बोलते आहे.

स्पृहाचं असं झालं, की तिला जळगावच्या कॉलेजात नोकरी लागली. पक्की, तिच्या विषयाची, जिच्यासाठी ती किती वर्षं अर्ज करत होती ती. पत्र आलं त्या दिवशी तिने पुरणपोळी केली नाही, बाहेर जेवायलाही नेलं नाही, नुसती ओट्याशी उभी राहून म्हणाली, "तू येशील ना?" आणि मी म्हणालो, "नाही." म्हणालो आणि गप्प बसलो. मला आजही आठवतं, त्या क्षणी मला खूप छान वाटलं होतं. पाठ घरच्या मैदानावर चालतोय, असं. "का?" ती म्हणाली. मी बोललो नाही. मला वाटत होतं, ती आणखी विचारेल, भांडेल, रडेल, मग मी ओघाओघात कारण सांगेन, कारण तोवर मलाही ते कळलेलं असेल. पण माझे सगळे पाठ तिनेच कापून-जोडून नीट केलेले. तिला माझं शस्त्र मुठीपासून टोकापर्यंत ठाऊक. "हा पाचवा ना?" एवढंच म्हणाली, आणि ओटा पुसायला लागली. जूनमध्ये ती आणि ईश्वरी गेल्या. स्टेशनवर ईश्वरीने मला विचारलं, बाबा, तुझं इथे काय काम आहे? मी म्हटलं, ऑफिसचं. तिने माझ्या बॅगेकडे बघितलं. माझं सगळं ऑफिस तिच्यात मावतं, हे तिला माहीत आहे.

तेव्हापासून मी कारण शोधतो आहे. जळगावचा उन्हाळा म्हणावा तर तिकडे थंडीही पडते. इथली हवा म्हणावी तर मी खिडक्या लावून बसतो, ध्वनिमुद्रणात रस्ता यायला नको म्हणून. कुणी म्हणेल बायकोच्या नोकरीमागे नवऱ्याने जायचं म्हणून अहंकार दुखावला असेल. मीही ते स्वतःला विचारून बघितलं, आरशासमोर, कठोरपणे. तसं असतं तर सुटलो असतो, अहंकारावर माझा सातवा पाठ आहे. पण मला खरंच माहीत नाही. तोंडातून गेलं. एकदा तोंडातून गेल्यावर ते तिथे उभं राहिलं, आणि मग मी त्याच्या आजूबाजूने राहायला शिकलो. रोज फोन होतो. ईश्वरीच्या शाळेचं बोलतो, गॅसचं बोलतो. ती परत विचारत नाही आणि मी परत सांगत नाही. दोघेही एकमेकांच्या ठामपणाचा मान ठेवतो. संसार मोडला असंही नाही, आणि आहे असंही म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हुणसूरकडून येणाऱ्या बसने पुन्हा मोहल्ल्यात गेलो. पँट आणायला, असं मी स्वतःला सांगितलं. संताजीराव मला बघताच उठले, "बसा सर, कॉफी घेऊन येतो," म्हणाले, आणि पडदा बाजूला सारून मला आत ढकलल्यासारखं बसवून निघून गेले. गोदाबाई मशीनवर होत्या. गळ्याशी पदर ओढून घेतलेला. फोन गप्प होता, ते एक बरं. त्यांनी पायांनी स्टूल पुढे सरकवलं. "यांनी पाठवलंय नव्हे तुम्हाला?" त्या म्हणाल्या. मी हो म्हणालो. "काल सून बोलली, परवा जाऊ आली होती. सगळ्यांना कारण पाहिजे. सर, कारण सांगायचं नसतं." मी म्हटलं, असं कोण म्हणतं? "एक सर आहेत. पुस्तकातलं मराठी बोलतात. निम्मं कळत नाही मला, पण बरं वाटतं ऐकायला."

मी रात्रभर ठरवून गेलो होतो, म्हणून बोलून टाकलं. "गोदाबाई, ते सर म्हणजे मीच." त्यांनी मशीन थांबवलं. माझ्याकडे नीट बघितलं. मग हसल्या, पदराने तोंड झाकून. "तुम्ही? जावा सर, चेष्टा करताय." मी म्हटलं, खरंच. माझाच आवाज आहे तो. "ते सर केवढं खणखणीत बोलतात," त्या म्हणाल्या, अगदी समजुतीने, माझ्या मनाला लागू नये अशा बेताने. "मध्ये थांबतसुद्धा नाहीत. तुम्ही तर कालच्या पँटचं सांगताना पण, म्हणजे, जरा, असं करत होता." यावर काय पुरावा देणार? पाचव्या पाठातलं वाक्य म्हणून दाखवायला गेलो, तर मला ते पुढे आठवेना. आणि एक सांगतो, मला अपमान वाटला नाही. उलट हायसं वाटलं. तो माणूस मी नाही, हे कुणीतरी पहिल्यांदाच तोंडावर सांगत होतं.

मग मी सरळ विचारलं. भीती वाटते का? "वाटत नाही कशी?" त्या म्हणाल्या. "पण त्याच्यासाठी नाही म्हटलं असं नव्हे." पैशाचं आहे का? "अय्यो, ते बघून घेतात." मग का? त्यांनी सुईखालचं कापड उगीच सरळ केलं. "सुम्ने," त्या म्हणाल्या. म्हैसुरात राहिल्यावर हा शब्द कुणालाही शिकावा लागत नाही, कानाला येऊन चिकटतो. सहज, उगीच, असंच. "सुम्ने म्हटलं सर. आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. सासूला नाही, यांना नाही, मुलाला नाही. ते सर सांगत होते, आज एकाला तरी नाही म्हणा. त्याच वेळी हे आले आणि विचारलं, सोमवारी जाऊया ना. म्हणून बघितलं. आणि काय सांगू, घर सगळं थांबलं. हे थांबले, मुलगा जेवता जेवता थांबला. चांगलं वाटलं मला. खोटं कशाला बोलू." त्यांचा हात पदराखालून गळ्याशी गेला. "पण आता रोज ती गाठ हाताला लागते. झोप येत नाही. करून घ्यावं असं वाटतंय हो मला. आणि सगळे येऊन विचारतात, तेवढ्याच वेळा परत नाही म्हणावं लागतं. नऊ पाठ ऐकले, सगळे, दोन-दोन वेळा. नाही म्हटल्यावर परत हो कसं म्हणायचं, तो पाठ कुठं आहे?"

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती भोंगा वाजवत राहिली. तो पाठ नव्हता. तो कुठेच नव्हता, माझ्याकडेही नव्हता, आणि ज्या तीन इंग्रजी पुस्तकांतून मी बाकीचे उचलले होते त्यांतही तो नव्हता. संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. या बाईचा जीव एका शब्दावर अडला होता आणि तो शब्द तिच्या तोंडाशी होता, आणि त्याच्या दारात मी उभा होतो. मी म्हटलं, "नुसतं म्हणून टाका. हो म्हणा." त्या म्हणाल्या, "हसतील सगळे. एवढं काय तर नाटक केलं म्हणतील." मी म्हटलं, आपण सराव करू. मी विचारतो, तुम्ही म्हणा. ऑपरेशन करून घेता? "नाही," त्या म्हणाल्या, आणि दोघेही दचकलो. "बघा की, तेच येतं," त्या म्हणाल्या. "आधी तुम्ही म्हणून दाखवा. मी विचारते." आणि विचारायला काय, म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं. भिंतीवरच्या दोरीला तयार ब्लाउजं टांगली होती. त्यातलं एक निळं त्यांनी काढलं. ते मी ओळखलं. त्या कापडासाठी स्पृहाने मला चार दुकानं फिरवलं होतं. "हे ताईंचं. जायच्या आधी टाकून गेल्या, न्यायचं राहिलं. नेऊन देता का तुम्ही?"

किती सोपा प्रश्न. हो म्हणायचं, सराव आहे, खोटं आहे. आणि माझ्या जिभेवर आलं ते 'नाही' होतं, तयार, घासून लख्ख केलेलं. मी ते गिळलं. मग 'पोस्टाने पाठवतो' आलं, तेही गिळलं. गोदाबाई ब्लाउज पुढे धरून वाट बघत होत्या. घाई करत नव्हत्या. त्यांना माझ्याकडून शिकायचं होतं. "नेतो," मी म्हणालो. हे बोलणारा आवाज दीडपट नव्हता, एकपटही नसेल. त्यांनी तो ऐकला, मान हलवली, आणि ब्लाउजाची घडी कागदात बांधायला लागल्या. "असं होय," त्या पुटपुटल्या. मी त्यांना काय दाखवलं, ते मला अजून ठाऊक नाही.

तेवढ्यात संताजीराव पडदा ढकलून आले, हातात तीन पेले. भुवया उडवून मला विचारलं, काय झालं? मी खांदे उडवले. मग रोजच्यासारखे, आशा नसल्यासारखे, बायकोकडे वळले. "काय गं? काय कळवू त्यांना?" गोदाबाईंनी दोरा दाताने तोडला. मला वाटलं, परत तेच. "येतो म्हणून कळवा," त्या म्हणाल्या, कागदाच्या पुडीकडे बघत. संताजीरावांचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे, मग इतके दिवस का..." एवढं त्यांच्या तोंडात आलंही. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पुढचं कॉफीबरोबर पिऊन टाकलं आणि फोन शोधायला लागले, तो त्यांच्या खिशातच होता. मी निघताना गोदाबाईंनी हाक मारली. "सर, ते सर कुठं भेटले तर सांगा, दहावा पाठ करा म्हणावं." मी म्हटलं, सांगतो. पँट तिथेच राहिली, हे मला बसमध्ये चढल्यावर लक्षात आलं.

हुणसूरच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. पुडी मांडीवर. स्पृहाला फोन लावला, आणि लावल्यावर विचार सुरू केला की काय बोलायचं. "हां, बोल," ती म्हणाली. मागे ईश्वरी कसली तरी कविता घोकत होती. मी म्हटलं, "गोदाबाईंकडे तुझं निळं ब्लाउज राहिलं होतं. घेऊन येतो." ती गप्प झाली. गप्प बसण्याबद्दल मी एक अख्खा पाठ विकला आहे, जो आधी बोलेल तो हरतो असा, आणि आता त्या गप्प बसण्यात कोण हरतंय ते मला समजेना. "ब्लाउज पोस्टाने येतं, निशांत," ती म्हणाली. हो, येतं, मी म्हटलं. मग? ती म्हणाली. मी कारण शोधलं, मनापासून शोधलं, या वेळी द्यायचं होतं म्हणून शोधलं. न जायला नव्हतं तसं जायलाही सापडेना. "सुम्ने," मी म्हणालो. तिकडून श्वास ऐकू आला, हसल्याचा की कसला कळलं नाही. कविताही थांबली होती. "राहायला?" तिने विचारलं. कंडक्टर येलवाल, येलवाल असं ओरडत मागून आला. मी "हो" म्हणालो, आणि नेमका त्याच वेळी खोकला आला. घसा साफ करून पुन्हा नीट म्हणायला गेलो.

"राहू दे," ती म्हणाली. "ऐकू आलं."